मिस कॉल

साप दिसला तर पैसा,
दात पडला तर घरातलं कुणी जाणार,
पूर दिसला तर सुनेला दिवस गेले समजायचं.
नरसूबाई मेरगूला सगळं पाठ.
मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं,
टिनचं माप ठेवून कात्री फिरवते
आणि अर्थही तसाच कापून देते, मापात.

मी विचारलं, फोन दिसला तर?
कात्री थांबली.
"आमच्या आईच्या येळला फोन नव्हता की गं.
त्याचा अर्थ कुणी सांगूनच ठेवला नाही."

स्वप्न असं:
लाइट गेलेली, पत्र्यातून दिवसाचं ऊन अजून खाली उतरतंय,
आणि मी बालामणीला फोन लावतेय.
नव्वद, अठ्ठावीस, पुढं बोट घसरतं.
चार दाबला तर सात उमटतो.
खोडते. परत लावते.
मग काच अंगठ्याखाली पानासारखी मऊ पडते,
मी ती कापते, जर्दा भरते, वळते,
तोंड मुडपते, दोरा बांधते,
पंचवीसचा कट्टा होतो
पण फोन काही लागत नाही.

श्रीनिवास टॉवेलच्या मागावर रात्रपाळीला असतो,
तो म्हणतो, अम्मा, तू बारापर्यंत रील बघतेस,
उजेड डोळ्यात राहतो, तोच झोपेत येतो.
दवाखान्यातली बाई म्हणाली, पाणी कमी पडतंय अंगाला.
मी म्हटलं, ते तर अख्ख्या सोलापूरला कमी पडतंय.

बालामणी मागच्या ओळीत राहायची.
पाचव्या दिवशी पाणी, तेही दोन वाजता, कधी तीन.
जिला आधी जाग येईल तिनं दुसरीला मिस कॉल द्यायचा,
दीड रिंग, आणि कट.
उचलायचा नाही. उचलला तर पैसे जातात
असं आम्ही समजत होतो,
नंतर पैसे जायचे बंद झाले तरी उचलला नाही.

ब्रांचला जाताना रोज बोलायचो,
छाट किती काढली, कुणाची सून माहेरी गेली,
पण फोनवर सात वर्षांत
एकमेकींचा आवाज ऐकला नाही.

गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे उतरवत होते
तेव्हा ती गेली. छातीनं.
त्यानंतर दोनदा पाणी येऊन गेलं,
मी झोपलेलीच.

परवा पावणेतीनला नळ खाकरला.
हवा आली आधी, मग तांबडं पाणी, मग बरं.
हात आपसूक फोनकडं गेला.
एक रिंग. दीड.
कट करणार तेवढ्यात
कुणीतरी उचलला.

"कोण?"
गड्याचा आवाज, मागं गाडीची घरघर.
तोंडाला आलं ते बोलले, पाणी आलंय.
तो गप्प.
"कुठं?"
घरकुलात, म्हटलं. विडी घरकुलात.
"मी टेंभुर्णीजवळ हाय, मावशी. टेंपोत. टमाटी हायेत मागं."
परत गप्प.
मग म्हणाला, "बरं. भरून घ्या तुम्ही."

सकाळी नरसूबाईला सांगितलं.
म्हटलं, आता तरी अर्थ लाव.
तिनं चार पानं कापली, पाचवं फाटलेलं निघालं, बाजूला टाकलं.
"भरलं का मग?"
भरलं. दोन्ही पिंपं, आणि हंडे.
"मग झालं की," म्हणाली,
आणि सूप माझ्याकडं सरकवलं.

फोनमध्ये नाव अजून आहे,
श्रीनिवासनंच घातलेलं: बालामणी पाणी.
काढू का, म्हणतो, दुसऱ्याचा झालाय नंबर.
राहू दे, म्हटलं.
त्या टेंपोवाल्यालाही कळू दे
इथं पाणी कधी येतं ते.